पेला आणि गोणी

युरोपची यात्रा करून आलेल्या आमच्या सुशिक्षित स्नेह्यांस अलीकडे एक नवाच आजार जडलेला आम्ही पाहतों. पूर्वीं हे लोक परत आले म्हणजे तेथील रस्ते किती स्वच्छ आणि गाड्या किती वेळेवर, हें ऐकवीत. तें ऐकणें कंटाळवाणें असलें तरी निरुपद्रवी असे. आतां ते कॉफीगृहांविषयीं बोलतात. गेल्या हिवाळ्यांत आमच्याच शहरीं एका व्याख्यानांत एका तरुण विद्वानांनीं तासभर असें प्रतिपादन केलें कीं, युरोपचें आधुनिक वाङ्मय कॉफीगृहांच्या संगमरवरी मेजांवर जन्मलें, तेथील विचारस्वातंत्र्य त्याच मेजांवर वाढलें, आणि महाराष्ट्राची बुद्धि जी आज शुष्क दिसते तिचें कारण आपल्याकडे तशीं मेजें नाहींत हें होय. पुराव्यादाखल त्यांनीं इटलीच्या ईशान्य कोपऱ्यांतील त्रिएस्ते ह्या बंदराचें नांव वारंवार घेतलें. श्रोत्यांनीं टाळ्या दिल्या. सभा संपल्यावर चहा होता. तो सर्वांनीं घेतला.

व्याख्याते सज्जन आहेत, त्यांचें वाचन मोठें आहे, आणि त्रिएस्तेस ते चार दिवस राहूनहि आले आहेत. आम्हीं त्या शहरीं दोन खेपा मिळून तीन आठवडे काढले. ज्या दोषाबद्दल आम्ही त्यांस बोल लावणार आहों तो आमच्याहि हातून घडलेला आहे, हें आरंभींच सांगून टाकतों. इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक म्हणून पंचवीस वर्षें आम्हीं वर्गांत जॉइस शिकविला. पहिल्या खेपेस त्रिएस्तेस उतरलों तेव्हां सामान खोलींत टाकून आम्ही आधीं त्याची खुर्ची शोधावयास निघालों. कुटुंबानें विचारलें, "अहो, जेवायचें केव्हां?" तर त्या प्रश्नाचा आम्हांस रागच आला.

शहर सुंदर आहे ह्याबद्दल वाद नाहीं. तीन बाजूंस भव्य इमारती आणि चौथ्या बाजूस उघडा समुद्र असा तो मोठा चौक. त्यांत १८३९ सालापासूनचें 'आरशांचें कॉफीगृह'. तेथून जवळच १८३० सालचें तोम्मासेओ. आणि आंतल्या वस्तींत, यहुदी लोकांच्या थोरल्या प्रार्थनामंदिराच्या शेजारीं, सान मार्को. हें शेवटचें १९१४ च्या जानेवारींत उघडलें. आंत बिडाच्या पायांचीं संगमरवरी मेजें आहेत, भिंतींवर सोनेरी रंगांत कॉफीचीं पानें काढलेलीं आहेत, आणि आतां तेथें पुस्तकांचें एक दुकानहि आहे. क्लाउदिओ माग्रिस हे तेथील नामांकित लेखक वर्षानुवर्षें ह्याच जागीं बसून लिहीत, आणि त्यांच्या १९९७ सालच्या 'मिक्रोकोस्मि' ह्या पुस्तकाचा आरंभ ह्याच कॉफीगृहापासून होतो. बाहेर 'बोरा' नांवाचा ईशान्येचा वारा माणसांस रस्त्यावरून ढकलीत असावा, आंत ऊब असावी, आणि एका पेल्यावर दोन तास बसलें तरी कोणी ऊठ म्हणूं नये, हें सुख आम्हीं भोगलेलें आहे आणि तें सुख नव्हे असें म्हणण्याइतके आम्ही कृतघ्न नाहीं.

कॉफी मागण्याची तेथील बोलीहि निराळी. इटलींत इतरत्र ज्यास एस्प्रेसो म्हणतात तो येथें 'नेरो', म्हणजे काळा. त्यावर थोडा दुधाचा फेंस घातला कीं तो 'कापो' झाला. तोच लहान कांचेच्या पेल्यांत दिला म्हणजे 'कापो इन् बी', कारण कांचेच्या पेल्याच्या इटालियन नांवाचें आद्याक्षर 'बी'. आपण ज्यास काप्पुच्चिनो समजतों तो हवा असेल तर मात्र 'काफेलात्ते' म्हणावें लागतें. आम्हीं पहिल्या दिवशीं मोठ्या ऐटींत काप्पुच्चिनो मागितला आणि पुढ्यांत बोटभर पेला आला. शेजारच्या मेजावरील एक म्हाताऱ्या बाई हंसल्या; आम्हीहि हंसलों. चार दिवसांत ही बोली जिभेवर बसते, प्रवाशास आपण तेथलेच झालों असें वाटूं लागतें, आणि येथूनच त्याची बुद्धि भ्रमूं लागते.

आतां जॉइसचेंच पाहूं. तो १९०४ सालीं प्रथम त्रिएस्तेस आला आणि १९१५ पर्यंतचीं बहुतेक वर्षें त्यानें तेथें काढलीं. 'डब्लिनर्स'मधील बऱ्याच कथा त्यानें तेथें लिहिल्या. 'युलिसिस'ला हात तेथेंच घातला. कालव्याच्या पुलावर २००४ सालीं बसविलेला त्याचा पुतळा आज हरएक प्रवाशाच्या छायाचित्रांत उभा असतो. हें सर्व खरें. पण हा मनुष्य तेथें गेला कशासाठीं? बर्लिट्झच्या शाळेंत इंग्रजी शिकविण्याची नोकरी करण्यासाठीं. बंदराचें गांव, व्यापाऱ्यांस, कारकुनांस, आगबोटींवरील अधिकाऱ्यांस इंग्रजी लागे, म्हणून शाळा, म्हणून मास्तर, आणि म्हणून जॉइस. त्याच्या खासगी शिकवणीस १९०७ च्या सुमारास एत्तोरे श्मित्स नांवाचे एक पोक्त गृहस्थ येऊं लागले. हे सासुरवाडीच्या कारखान्याचें काम पाहत. हा कारखाना जहाजांच्या बुडास लावावयाचा रंग करी, त्याची एक शाखा लंडनजवळ होती, आणि तिच्या कामासाठीं श्मित्स ह्यांस इंग्रजी हवें होतें. हेच श्मित्स म्हणजे इतालो स्वेवो. त्यांच्या आधींच्या दोन कादंबऱ्यांकडे फारसें कोणीं ढुंकून पाहिलें नव्हतें. तरुण मास्तरानें त्या वाचल्या, त्यांस धीर दिला, आणि १९२३ सालीं 'झेनोची जाणीव' ही कादंबरी बाहेर पडली. विसाव्या शतकांतील दोन थोर कादंबरीकारांची ही गांठ जहाजाच्या बुडाच्या रंगानें घातली. पण त्या रंगाच्या डब्याजवळ उभें राहून कोणी छायाचित्र काढून घेत नाहीं.

जॉइस कॉफीगृहांत बसत नसे असें आम्ही म्हणत नाहीं. तो बसे, आणि दारूच्या गुत्त्यांत त्याहून अधिक बसे. मग आमच्या व्याख्यात्यांनीं वाङ्मयाची गुत्तामूलक उपपत्ति कां मांडूं नये? ती मांडली तर टाळ्या मिळणार नाहींत, एवढेंच कारण आम्हांस दिसतें.

विचारस्वातंत्र्याची गोष्ट ह्याहून गंभीर आहे. तेथें विनोद करवत नाहीं. सान मार्कोंत ऑस्ट्रियन साम्राज्याविरुद्ध असलेले तरुण जमत, सीमा ओलांडून इटलींत जाणाऱ्यांसाठीं खोटे परवाने तेथें तयार होत, आणि १९१५ च्या मे महिन्यांत इटलीनें युद्ध पुकारतांच ऑस्ट्रियन सैनिकांनीं त्या जागेची नासधूस केली. आमचे व्याख्याते एवढें सांगतात आणि थांबतात. पुढचें आम्ही सांगतों. १९१८ सालीं ऑस्ट्रियाचें राज्य गेलें, इटलीचें आलें. १९२० च्या जुलैच्या १३ तारखेस त्याच शहरांतील स्लोव्हेन लोकांचें 'नारोद्नि दोम' हें भवन फासिस्टांच्या जमावानें जाळलें. त्या भवनांत नाट्यगृह होतें, पेढी होती, आणि कॉफीगृहहि होतें. पुढें १९३८ च्या सप्टेंबरच्या १८ तारखेस मुसोलिनीनें यहुद्यांविरुद्धच्या वंशविषयक कायद्यांची घोषणा केली, ती ज्या चौकांत आरशांचें कॉफीगृह आहे त्याच चौकांत, हजारों लोकांच्या जयघोषांत. शंभर-शंभर वर्षांचीं कॉफीगृहें शहरांत तेव्हांहि होतीं. त्यांनीं काय अडविलें? मेजाभोवतीं कोणते लोक बसतात, कशासाठीं बसतात, आणि उठल्यावर काय करतात, ह्यावर सर्व अवलंबून असतें. मेज बिचारें लाकडाचें किंवा दगडाचें. तें कोणाचेंहि कोपर धरतें.

मग त्रिएस्ते हें कॉफीचें शहर झालें कशानें? ह्याचें उत्तर कॉफीगृहांत बसून सांपडत नाहीं. त्यासाठीं उठून धक्क्यावर जावें लागतें. हाब्सबुर्ग घराण्याचा बादशहा सहावा चार्ल्स ह्यानें १७१९ सालीं त्रिएस्ते हें मुक्त बंदर म्हणून जाहीर केलें. येथें माल उतरवा, सांठवा, पुढें पाठवा, जकातीचा जाच नाहीं, असें म्हटल्याबरोबर ग्रीक आले, यहुदी आले, सर्ब आले, जर्मन आले. स्लोव्हेन आणि इटालियन तर तेथलेच. १८५७ सालीं व्हिएन्नाहून आगगाडी थेट बंदरांत आली, आणि व्हिएन्ना पीत असलेल्या कॉफीच्या गोण्या ह्या वाटेनें जाऊं लागल्या. १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला. त्या कालव्याच्या कंपनीचा एक उपाध्यक्ष पास्क्वाले रेवोल्तेल्ला हा त्रिएस्तेचाच व्यापारी होता, आणि त्याचा वाडा आज तेथील कलासंग्रहालय आहे. तेथील लॉइड कंपनीच्या आगबोटी मग मुंबईपर्यंत येऊं लागल्या. त्यांची त्रिएस्ते-मुंबई ही फेरी आपल्या पणज्यांच्या पिढीस चांगली परिचित होती. १८९१ सालीं तेथील कॉफीच्या व्यापाऱ्यांनीं आपला संघ स्थापन केला, आणि तो अजून चालू आहे. बंदर, आगगाडी, वखार, दलाल, हमाल, विमा: शहर ह्यांनीं उभें केलें. ते लोक दमले म्हणजे बसावयास जागा लागे, तीं हीं कॉफीगृहें.

भाजणाऱ्यांची कथा ह्याच धक्क्यावर सुरू होते. हेर्मान हाउस्ब्रांट ह्यानें १८९२ सालीं तेथें कॉफी भाजून विकण्याचा धंदा काढला. त्याच सालीं हंगेरीच्या राज्यांतील तेमेश्वार गांवीं फ्रान्चेस्को इल्ली जन्मला. पहिल्या महायुद्धांत ऑस्ट्रियाच्या सैन्यांतून फिरतां फिरतां तो ह्या बाजूस आला, त्रिएस्तेस स्थायिक झाला, आणि १९३३ सालीं त्यानें आपला कारखाना काढला. भाजलेली कॉफी हवेनें शिळी होते म्हणून डब्यांतील हवा काढून निष्क्रिय वायु भरण्याची युक्ति त्यानें योजिली, आणि १९३५ सालीं वाफेऐवजीं दाबलेल्या हवेनें पाणी ढकलणारें यंत्र केलें. त्याचा मुलगा एर्नेस्तो हा रसायनशास्त्रज्ञ होता आणि त्यानें जन्मभर ह्या एका बीजाचा अभ्यास केला. हें सर्व कष्टाचें आणि बुद्धीचें काम आहे, आणि त्यापुढें आम्ही आदरानें मान लववितों. आमच्या व्याख्यात्यांच्या तासाभराच्या भाषणांत ह्यांपैकीं एकाहि नांवाचा उच्चार झाला नाहीं.

दुसऱ्या खेपेस आम्हीं खुर्चीचा नाद सोडला आणि भट्टी शोधली. एका गल्लींत भाजण्याचें लहानसें दुकान होतें. मालक सत्तरीचा, बापाचाहि धंदा हाच. त्यास इंग्रजी बेताचें येई, आम्हांस इटालियन त्याहून कमी. तरी तीन सकाळीं त्यानें आम्हांस आंत बसूं दिलें. कच्चें बीं हिरवट-करड्या रंगाचें असतें, त्याला वाळल्या गवताचा वास येतो, कॉफीचा मुळींच येत नाहीं. उष्णता दोनशे अंशांच्या घरांत गेली म्हणजे तें फुगतें, लाह्यांसारखें तडतडतें, रंग पालटतें, आणि वजनांत सुमारें सहावा हिस्सा गमावून बसतें. त्या तडतडण्यानंतरचीं दोन-तीन मिनिटें म्हणजेच हा सगळा धंदा. म्हातारा घड्याळाकडे क्वचितच पाही. एक लांब दांड्याची पळी भट्टींत खुपसून तो चार दाणे बाहेर काढी, नाकाशीं धरी, पुन्हां आंत सोडी, पुन्हां काढी, आणि एकदम खटका ओढून सर्व माल थंड होण्यास खालच्या परातींत पाडी. पुढें दुकानांत ७ ग्रॅम पूड, ९ वातावरणांएवढा दाब, २५ सेकंद, आणि बोटभर काळा रस. आमच्या घरीं पुरणास चटका बसूं नये म्हणून आजी ज्या एकाग्रतेनें उभी राहत असे तीच एकाग्रता आम्हीं त्या भट्टीपाशीं पाहिली.

भिंतीशीं तागाच्या गोण्या रचलेल्या होत्या. एक ब्राझीलची, एक इथिओपियाची, आणि तिसरीवर आपल्या देशाचें नांव छापलेलें. परदेशांत हें नांव अनपेक्षितपणें वाचलें म्हणजे मनाचें काय होतें तें ज्यानें त्यानें अनुभवावें. म्हातारा म्हणाला, ही रोबुस्ता. हिच्यावांचून पेल्यावर फेंस टिकत नाहीं आणि कॉफीस अंग येत नाहीं. स्वच्छ धुतलेली, विश्वासाची, इतरांपेक्षां दोन पैसे महाग, पण मी हीच घेतों. पुढें आम्हीं पाहिलें तों हा एका म्हाताऱ्याचा छंद नव्हता. भारतांत पिकणाऱ्या कॉफींत रोबुस्ताच अधिक, एकंदर पिकाचा मोठा भाग परदेशीं जातो, आणि त्याचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक वर्षानुवर्षें इटली हेंच आहे. कूर्ग, चिकमगळूर, वायनाड येथील मळ्यांतून मजुरांनीं हातांनीं खुडलेलें बीं इटालियन मिश्रणांचा कणा होऊन बसलें आहे.

आणि पुड्यावर? पुड्यावर दुकानाचें नांव, मिश्रणाचें एक गोड नांव, आणि समुद्राचें चित्र. आमच्या देशाचा उल्लेख नाहीं. ब्राझीलचा नाहीं, इथिओपियाचाहि नाहीं. आम्हीं कारण विचारलें. म्हाताऱ्यानें दिलेलें उत्तर प्रामाणिक होतें. त्याचें म्हणणें असें कीं, गिऱ्हाईक माझी चव विकत घेतें. एखाद्या देशीं पाऊस चुकला तर मी गोणी बदलतों, पण चव बदलूं देत नाहीं. तेंच माझें काम, आणि म्हणून नांव माझें. ह्यांत तथ्य आहे. मिश्रण ही कला आहे; गवई बदलला तरी राग तोच राहावा अशी ती कला आहे.

तथापि ह्या युक्तिवादानें आमचें समाधान झालें नाहीं, आणि तें कां झालें नाहीं हें सांगण्यास त्रिएस्तेच उपयोगीं पडतें. शहराच्या हद्दींत, वरच्या पठारावर, प्रोसेक्को नांवाचें एक खेडें आहे. ज्या फेंसाळ मद्याचे बुधले आज जगभर फुटतात त्याचें नांव ह्या खेड्याचें. परदेशांतले लोक हेंच नांव आपापल्या मद्यास लावूं लागले, तेव्हां २००९ सालीं इटलीनें कायद्यानें त्या नांवाभोवतीं कुंपण घातलें. द्राक्षाच्या जातीचें प्रोसेक्को हें नांव काढून तिला 'ग्लेरा' म्हणावयाचें ठरविलें, आणि प्रोसेक्को म्हणजे फक्त आमच्या ह्या प्रदेशांतलें मद्य असें बजावलें. योग्यच केलें. जमिनीचा आणि माणसांचा गुण नांवांत उतरतो, आणि नांव चोरलें कीं तो गुणच चोरला जातो, हें तत्त्व त्यांस द्राक्षाच्या बाबतींत इतकें स्पष्ट दिसतें. मग तेच लोक धक्क्यापर्यंत खालीं उतरले म्हणजे तें तत्त्व कोठें जातें? द्राक्षास गांव असतें आणि कॉफीस नसतें काय? रत्नागिरीचें किंवा देवगडचें नांव नसलेली हापूसची पेटी कोणी आपल्या घरीं आणून दिली, आणि वर अडत्याचें नांव दाखवून म्हणाला कीं, चव माझी आहे, तर आपण त्यास काय उत्तर देऊं?

त्या गोणींतील चवीस गांव असतें ह्याचा याहून मासलेवाईक पुरावा देतां येतो. जुन्या काळीं मलबारच्या किनाऱ्यावरून निघालेलीं शिडाचीं जहाजें आफ्रिकेस वळसा घालून महिनोन्महिने समुद्रांत असत. दमट हवेनें गोण्यांतील बिया फुगत, फिक्या पिवळ्या पडत, आणि त्यांचा आंबटपणा निघून जाई. युरोपांत तीच चव आवडूं लागली. मग आगबोटी आल्या, सुवेझचा कालवा झाला, प्रवास आठवड्यांवर आला, आणि गिऱ्हाइकें कुरकुरूं लागलीं कीं, ही आमची कॉफी नव्हे. तेव्हां किनाऱ्यावर मंगळूरच्या बाजूस पावसाळ्याचा वारा आंत घेणाऱ्या वखारींत बिया पसरावयाच्या, वल्हरून उलथ्यापालथ्या करावयाच्या, पुन्हां भरावयाच्या आणि पुन्हां पसरावयाच्या, अशी पद्धति पडली. तिला 'मान्सून्ड मलबार' म्हणतात. ज्या कालव्यानें त्रिएस्तेचे व्यापारी गबर झाले त्याच कालव्यानें आमच्या मजुरांवर हें तीन-चार महिन्यांचें काम टाकलें. समुद्र जें फुकट करीत असे तें आतां हातांनीं करावयाचें. ही गोष्ट कोणत्याहि जॉइसच्या खुर्चीइतकी ऐकण्यासारखी आहे. ती कॉफीगृहांत कोणी सांगत नाहीं.

२०२२ सालीं इटलींत सरकारी पातळीवर एक हालचाल झाली. एस्प्रेसोची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशांत व्हावी म्हणून उमेदवारी तयार करण्यांत आली, आणि तींत वेनिसपासून नेपल्सपर्यंतच्या समाजांचा आदरानें उल्लेख होता. वेनिसपासून नेपल्सपर्यंत! ह्या दोन टोकांमध्यें कॉफीचा मळा आम्हांस तरी आढळला नाहीं. जें झाड त्या भूमींत रुजत नाहीं त्याच्या रसास आपला वारसा म्हणतांना झाड लावणाऱ्यांच्या एखाद्या समाजाचें नांव ओळींत बसलें असतें तर कागद फाटला नसता.

ह्यांत केवळ मानापमान नाहीं. पोटाचाहि प्रश्न आहे. कच्चें बीं युरोपच्या बंदरांत करमुक्त, आणि तेंच भाजून नेलें तर त्यावर कर, अशी रचना दीर्घकाळ चालत आलेली आहे. म्हणजे पिकवा तुम्ही, भाजूं आम्ही, हें जकातीच्या दरांतच लिहून ठेवलेलें. शिवाय ज्याचें नांव पुड्यावर नाहीं त्यास भाव मागतां येत नाहीं. आज ही गोणी महाग वाटली तर उद्यां दुसऱ्या देशाची आणतां येते, आणि पिणाऱ्यास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. म्हाताऱ्यानें ज्यास आपली कला म्हटलें तीच मळेवाल्याची दुर्बलता आहे. २०२३ सालीं युरोपीय संघानें जंगलतोडीविरुद्ध एक कायदा केला. त्याप्रमाणें कॉफी ज्या जमिनींत पिकली त्या जमिनीचा नेमका ठावठिकाणा मालाबरोबर देणें भाग आहे. ह्या कायद्याचा अंमल दोनदां पुढें ढकलला गेला, त्याचा बोजा लहान शेतकऱ्यांवर पडेल ही भीतिहि खरी आहे. पण आम्हांस त्यांतली एक गंमत दिसते. शेताचा पत्ता सांपडत नाहीं ही सबब आतां संपली. तो पत्ता दप्तरांत जाईल, पुड्यावर येणार नाहीं, एवढेंच.

येथें अन्याय होऊं नये म्हणून सांगतों कीं, ज्या इल्लींचा वर उल्लेख केला त्यांच्या पेढीनें १९९१ सालापासून ब्राझीलच्या उत्तम मळेवाल्यांस पारितोषिकें देण्याचा परिपाठ घातला, आणि एकेका देशाच्या नांवाचे निराळे डबे काढले त्यांत भारताच्या नांवाचाहि डबा काढला. म्हणजे करतां येतें. धंदा बुडत नाहीं.

परंतु ह्या सर्व प्रकरणांत आमचा खरा राग इटालियनांवर नाहीं. ते आपलें नांव विकतात. कोण विकणार नाहीं? आमचा राग आमच्यावर आहे. गेल्या दिवाळींत एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही सहकुटुंब गेलों होतों. वहिनींनीं मोठ्या अगत्यानें कॉफी दिली आणि म्हणाल्या, "भावजी, घेऊन तर पाहा, इटालियन आहे हो, खास मागवलेली." कॉफी उत्तम होती. डबा पाहण्यास मागितला. दूरच्या एका कारखान्याचें नांव, आणि बीं कोठलें ह्याबद्दल एक अक्षर नाहीं. आम्हीं विचारलें, "वहिनी, आपल्याकडची कोणती कॉफी चांगली?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आपल्याकडे काय, ती झटपट पूड मिळते ती." त्या पदवीधर आहेत, घरांत पुस्तकांचीं तीन कपाटें आहेत, आणि कोल्हापूर सोडून दक्षिणेस रात्रभर गाडी चालली तर सकाळीं कॉफीच्या मळ्यांत उजाडतें. बाबा बुदन नांवाच्या फकिरानें अरबस्तानांतून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरांत पेरल्या ही दंतकथा तेथें पोरेंहि सांगतात. कूर्ग, वायनाड, चिकमगळूर, अराकू आणि बाबा बुदनगिरी ह्या पांच कॉफींस २०१९ सालीं भौगोलिक चिन्हांकन मिळालें. प्रोसेक्कोभोवतीं आहे तसलें कुंपण आपल्यापाशींहि आहे. आंत काय लावलें आहे हें मात्र घरच्यांस ठाऊक नाहीं. फार कशाला, आपल्या वऱ्हाडांत चिखलदऱ्यास कॉफी पिकते. हें आमच्या वर्गांतील साठ विद्यार्थ्यांपैकीं दोघांस माहीत होतें, आणि ते दोघे अमरावतीचे.

व्याख्यात्यांस आम्ही भेटून हें सर्व बोललों. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "सर, तुम्ही अर्थशास्त्र सांगतां, मी वातावरण सांगतों. गोणी पाहून कोणाला कविता सुचते?" ह्यावर आम्हीं त्यांस एवढेंच विचारलें कीं, विष्णुशास्त्र्यांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' काढली ती कोणत्या मेजावर? ते शाळामास्तर होते. स्वेवो पेढीवरचे कारकून होते, मग कारखानदार झाले. सुचण्याचा प्रश्न बैठकीनें सुटत असता तर आपल्या इराण्यांच्या हॉटेलांनीं एव्हांना मुंबईस दहा 'युलिसिस' दिले असते. तेथेंहि संगमरवरी मेजें होतीं आणि एका चहावर दोन तास बसूं देत. वातावरण हा शब्द आम्ही तुच्छ मानीत नाहीं. पण वातावरण ज्या हातांवर उभें असतें ते हात दिसूं नयेत अशी व्यवस्था असेल, तर त्या वातावरणाची स्तुति करणाऱ्या अध्यापकानें निदान एकदां मागच्या दारानें आंत जावें. आणि इटालियन डबा घरांत आणूं नये असेंहि आमचें म्हणणें नाहीं. आणा, प्या, आणि दुकानदारास विचारा कीं, बीं कोठलें? त्याला सांगतां आलें नाहीं तर पुन्हां विचारा. गिऱ्हाइकानें शंभरदां विचारल्यावांचून कोणत्याहि पुड्यावर कधींहि कांहीं छापलें गेलेलें नाहीं.

त्रिएस्ते सोडतांना आम्ही त्या म्हाताऱ्याकडे अर्धा किलो कॉफी घेण्यास गेलों. त्यानें पुडा बांधला, तराजूवर पुन्हां एकदां ठेवला, आणि मग कानामागची पेन्सिल काढून पुड्याच्या पाठीवर तीन ओळी लिहिल्या: सान्तोस, सिदामो, मंगळूर. मंगळूर लिहितांना त्याचें अक्षर अडलें. आम्हीं सांगितलें तसें त्यानें लिहिलें. त्यांतली निम्मी कॉफी आम्हीं आमच्या व्याख्यात्यांस पुड्यासकट देऊन टाकली. पुडा त्यांनीं जपून ठेवला आहे असें ऐकतों. येत्या पावसाळ्यांत ते चिकमगळूरास जाणार आहेत, आणि कोणत्या गाडीनें जावें हें त्यांनीं परवां आम्हांस विचारलें.